अकरावा फिल्टर

माझ्या हातून थेंब सांडत नाही. पंचवीस वर्षं या प्रयोगशाळेत थेंब गोठवतेय, त्यामुळे ही फुशारकी समजू नका, माहिती समजा.

काम सोपं आहे. ध्रुवाकडच्या समुद्रावर जहाज जातं, तिथली हवा पंपाने फिल्टरमधून ओढतात. तो फिल्टर मी इथे शुद्ध पाण्यात धुते, त्या पाण्याचे शंभर थेंब थंड पत्र्यावर ठेवते आणि तापमान उतरवत जाते. थेंबात धुळीचा योग्य कण असला तर तो लवकर गोठून पांढरा पडतो. नसला तर उणे पंचविसापर्यंत पाणीच राहतो. तिथल्या ढगांतही हेच चालतं.

या खेपेचे अकरा फिल्टर माझ्या भाचीने आणले होते. चार महिने जहाजावर, त्यातले निम्मे दिवस बादलीला मिठी मारून. इथे मला मावशी म्हणायचं नाही असं मी तिला बजावलं होतं. झालं उलटंच, आता सगळी प्रयोगशाळा मला मावशी म्हणते.

अकराच्या अकरा फिल्टरांचं पाणी उणे पंचविसाला गोठलं. नुसतं शुद्ध पाणीही तेवढ्यालाच गोठतं.

साहेबांनी तक्ता पाहिला. "यात काहीच नाही, मावशी. पंपच चालला नसणार." मग भाचीकडे वळले. "पंप चालला होता हे शुक्रवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर ही सफर बाद. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी जाईल."

"तिथली हवाच तेवढी स्वच्छ आहे," मी म्हणाले. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणींवर अहवाल छापत नाहीत, मावशी."

साहेब वाईट नाहीत, पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

भाची जिन्यात बसली होती. "मावशी, वादळाच्या दिवसांत पंप लावला की नाही, मला खरंच आठवत नाही."

"नोंदवहीत खूण असेल की."

"आहे. पण खुणा मी आठवड्याच्या एकदमच करून ठेवायचे."

"शाबास," मी म्हणाले. तिला रडू फुटलं, तेव्हा कुठे मी जीभ आवरली.

रात्रभर चरफडले आणि सकाळी चहा गाळताना सुचलं. समुद्रावरची हवा म्हटली की मीठ आलंच. लाटा फुटतात, खारे तुषार उडतात, त्यांचे बारीक कण वर जातात आणि त्यांच्यावर वाफ जमून ढगाचे थेंब होतात. पण मीठ थेंब बनवतं, त्या थेंबाचा बर्फ करत नाही. म्हणजे पंप चालला असेल तर पाणी गोठेल उशिरा, पण खारट असेल. धुतलेलं पाणी मी कधीच फेकत नाही. अकरा बाटल्या फ्रीजमध्ये होत्याच.

खारटपणाचं मीटर लावलं. पहिल्या बाटलीत मीठ. दुसरीत मीठ. दहावीपर्यंत मी चक्क गुणगुणत होते. अकराव्या बाटलीत आकडा शुद्ध पाण्याच्या पुढे सरकेना. तीनदा मोजलं, तेच.

मी भाचीला आत बोलावून दार लोटलं. "हे बघ, दहांत मीठ आहे. ही अकरावीपण त्यांच्याबरोबरच गोठलीय, कुणाला शंका यायची नाही. एका बाटलीपायी चार महिने पाण्यात जातील. गप्प बस."

तिने एक चिठ्ठी लिहिली, अकराव्या बाटलीला चिकटवली आणि ट्रे उचलून साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले, दुसरं काय करणार. आम्ही दोघी टेबलासमोर बसलो.

साहेबांनी दहा आकडे तपासले, मान डोलावली. मग चिठ्ठी मोठ्याने वाचली. "पंप बंद होता. मी आजारी होते. न बघता खूण केली." चिठ्ठीवर खाली तिची सही होती.

"दहा मान्य," ते म्हणाले. "पुढच्या सफरीलाही तुम्हीच जा. पण ही चिठ्ठी लावायला मावशींनी सांगितलं असणार. त्यांची शिस्तच तशी आहे."

"हो," भाची म्हणाली. "मावशींकडूनच शिकतेय सगळं."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

भाचीने टेबलाखालून माझ्या पायावर जोरात पाय दिला, पण तोवर मी बोलून गेले होते. "नाही साहेब, मी तिला गप्प बस म्हणाले होते."