मोगराबाईच्या छपरावरचा तारा

दसरा झाला आणि आशाचा फोन आला. आशा माझी मुलगी, नाशिकला नर्सिंग शिकते. म्हणाली, "बाबा, दिवस बुडाल्यावर मावळतीला धूमकेतू दिसतोय. इथे लाइटींमुळे काही कळत नाही. तुम्ही फोटो काढून पाठवा. आई असती तर तिने काढला असता."

बेबी, माझी बायको, पावसाळ्यात तापाने गेली. फोन तिचाच. फोटो काढणं मला जमत नाही, तरी काढायचं ठरवलं.

आमचा पाडा धडगावच्या पलीकडे डोंगरात आहे. इथे घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या टेकाडावर, आपापल्या शेतात. माझ्या अंगणातून मावळतीला मोगराबाईचं घर दिसतं. त्याच्या बरोबर वर तो तारा होता, केरसुणी उलटी धरावी तशी शेपटी. हातात फोन धरून काढला तर नुसत्या रेघा आल्या. मग फोन खाटेला टेकवला, श्वास रोखला आणि काढला. चांगला आला. खाली मोगराबाईचं छप्पर, शेजारी तिचं ताडाचं झाड, वर तारा. रेंजसाठी चढावर जाऊन आशाला पाठवला. पाड्याच्या ग्रुपवरही टाकला. बेबी टाकायची म्हणून.

सकाळी जेठ्या आला. तो बेबीचा धाकटा भाऊ. डोळे लाल होते. त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला.

"दाजी, हा तूच काढलास ना?"

"हो."

"कुणाच्या घरावर आहे?"

"मोगराबाईच्या. पण त्याचं काय?"

"बहिणीच्या उशाशी कोण बसायचं? पेज कोण पाजायचं?"

पाजायची मोगराबाईच. नाला भरला होता, रस्ता वाहून गेला होता, जीप येत नव्हती. ती म्हातारी बाई रोज चिखलातून यायची. शेपटीचा तारा चेटकिणीच्या घरावर थांबतो असं आमच्याकडे मानतात, पण जेठ्याने डाकण हा शब्द उच्चारला नाही. तो आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. एकदा बोलला की त्या बाईला पाड्यात राहता येत नाही.

"परवा बडवा येतोय," जेठ्या म्हणाला. बडवा म्हणजे आमच्याकडचा भगत. "तो बघेल आणि सांगेल. तू नवरा आहेस. तुझा शब्द लागेल."

मी नाही म्हटलं नाही. मला उलट थोडं बरं वाटलं. बेबी उगाच मेली नाही, तिला कोणीतरी नेलं, असं धरलं की राग कुठेतरी ठेवता येतो. पुढे मी मोगराबाईकडे फिरकलो नाही. तिच्या चुलीचा धूर दिसत नव्हता. तेही मी पाहत होतो.

बडवा यायच्या आदल्या संध्याकाळी माझी शेळी सुटली आणि मोगराबाईच्या तुरीत शिरली. आणायला गेलो. तिच्या अंगणाच्या कडेला पोचलो आणि सहज मान वर केली. तारा तिच्या छपरावर नव्हताच. तो पुढे होता, पलीकडच्या टेकाडावर, जेठ्याच्या घरावर.

मी तिथेच उभा राहिलो. शेळी तूर खात राहिली.

चांदणं वाढत चाललं होतं. तारा आधीपेक्षा फिका झाला होता. उद्या दिसेल की नाही, सांगता येत नव्हतं. मोगराबाई दारात बसली होती, शेजारी बांधलेलं गाठोडं.

"काकी, कुठे जाऊ नको. मी आलोच."

तिने गाठोडं जवळ ओढलं.

मी धावत जाऊन आमच्या पाड्याचा कारभारी करणसिंग याला बोलावलं. जेठ्याला हाक मारली. दोघांना तिच्या अंगणात आणून उभं केलं. तिच्याच खाटेला फोन टेकवून फोटो काढला आणि जेठ्याच्या हातात दिला.

करणसिंगने फोटो पाहिला, मग आभाळ पाहिलं. "काय रे जेठ्या? आता तुझ्या बायकोलाही बडव्यापुढे बसवायचं का?"

"थट्टा करू नको, काका."

"मी कशाला करू? तारा तुझ्या घरावर बसलाय, माझ्या नाही."

जेठ्या फोन घेऊन तसाच उतारावरून पळाला. ओढा ओलांडून आपल्या अंगणात गेला. त्याच्या हातातला उजेड तिथे बराच वेळ हलताना दिसला. परत येऊन माझा फोन दिला तेव्हा धापा टाकत होता.

"तिथून गुजरातच्या डोंगरावर दिसतो," तो म्हणाला. मग माझा दंड धरला. "मग दाजी, माझ्या बहिणीला नेलं कोणी?"

हेच मला बोलायचं नव्हतं.

"कोणी नाही. ताप होता. रस्ता नव्हता. कोणी नेलं नाही तिला."

जेठ्या खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नाही. राग ठेवायला आता जागा उरली नव्हती, तो नुसताच छातीत होता.

करणसिंग म्हणाला, "बडव्याला मी निरोप देतो. येऊ नको म्हणतो." आणि जेठ्याला उठवून घेऊन गेला.

मी मोगराबाईला म्हटलं, "हा फोटोही ग्रुपवर टाकतो, काकी. सगळे बघतील."

"पहिला बघितला तेवढा हा बघतील?"

मी फोन खिशात घातला.

"आणि तू? तू पण मानलंस ना?"

ती उठली. गाठोड्याची गाठ सोडली, पेज शिजवायचं मडकं बाहेर काढलं आणि गाठ पुन्हा बांधली. बाकीचं सामान गाठोड्यातच राहिलं.

"शेळी घेऊन जा," ती म्हणाली. "तूर संपवेल."