विकलेला माल परत घेतला जाणार नाही

मित्रांनो, वर जे वाचलेत तेच माझ्या अंगावर लिहिलेले आहे. आयुष्यभर मी एवढे एकच वाक्य बोलले. मी दोरखंडाच्या दुकानातली जुनी लाकडी पाटी. 'होते' म्हणायला हवे, पण सवय जाता जात नाही.

मला आताच्या मालकाच्या आजोबांनी करून घेतले, तेही एका माणसामुळे. तो गृहस्थ दोरी न्यायचा, सामान बांधून घर बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच दोरी आणून म्हणायचा, "जरा लांबच पडली हो." आजोबा वैतागले. त्यांनी सागाची फळी रंधून घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने पांढरी अक्षरे काढली. गंमत म्हणजे बाकीच्यांकडून ते खराब माल मुकाट्याने परत घ्यायचे, तेही माझ्या नाकासमोर. मला राग यायचा. अशाने माझी काय किंमत राहणार?

पुढे नातू मालक होऊन गल्ल्यावर बसला आणि माझे दिवस पालटले. त्याने मला पुसून लख्ख केले, अक्षरे लाल करून घेतली आणि मला अशा जागी टांगले की आत पाऊल टाकताच मी दिसावे. मग काय विचारता! एक बाई चार दिवसांत तुटलेली कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आल्या, मला वाचले आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या. मला धन्य वाटले. आज ते आठवले की लाज वाटते.

आता दुकानाची रीत सांगते. माझ्या खाली एका खिळ्याला हातभर दोरीचा नमुना टांगलेला असे. गिऱ्हाइकाने तो ओढून, पिळून बघायचा आणि पसंत पडला की माल गोदामातून यायचा, गोणपाटात शिवलेला. गोणपाट उसवून दाखवा म्हटले की मालक म्हणे, "गुंता होतो, घरी सोडा." नमुना होता आजोबांच्या काळचा, बोटभर जाड, चिवट. गोणपाटातली दोरी दरवेळी कुठून येते हे मालक स्वतःसुद्धा बघत नसे.

एके दिवशी एक रंगारी आला. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा, अबोल माणूस. त्याने आदल्या दिवशी, भिंत रंगवताना ज्यात बसतात तो पाळणा टांगायला दोरी नेली होती. रंगाऱ्यांमध्ये पद्धत असते, आधी आपल्या दुप्पट वजनाची वाळूची पोती पाळण्यात घालून वर चढवायची. ती टिकली तरच माणूस चढतो. त्याची पोती दुसऱ्या मजल्यावरून खाली आली होती. त्याने तुटलेली टोके मालकापुढे ठेवली.

"गाठ चुकली असेल तुमची," मालक म्हणाला.

"गाठ तशीच आहे, बघा. दोरी आतून कुजलीय. मला पैसे नकोत. त्याच बंडलातली उरलेली दोरी तेवढी विकू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

"एकाचं ऐकलं की उद्या दारात रांग लागते. पाटी वाचा."

रंगाऱ्याने मला ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचले आणि तो निघून गेला. मी मनात म्हटले, जिरली.

दुसऱ्याच दिवशी बेडूकमामा आला. विहिरींतला गाळ उपसणारा हा माणूस आयुष्यातला निम्मा वेळ पाण्यात उभा, म्हणून पोरांनी ठेवलेले हे नाव. तोही ते मिरवायचा. त्याने नमुना दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि सांगितले, "पन्नास फूट खोल विहीर आहे. मी स्वतः उतरणार."

"निर्धास्त न्या," मालक म्हणाला आणि त्याने ते उरलेले, पुन्हा गोणपाटात शिवलेले बंडल दिले. गोणपाट उसवले नाही.

तिसऱ्या दिवशी रंगारी दारात येऊन उभा राहिला. "दोरी तुटली, बेडूकमामा पडला," एवढेच म्हणाला. मालकाच्या हातातली कात्री खाली पडली. बेडूकमामा वाचला, पण त्याचे कंबरेचे हाड मोडले होते. विहीर त्याला कायमची बंद झाली.

खटला उभा राहिला. मालकाच्या वकिलाने मला भिंतीवरून उतरवून, चादरीत गुंडाळून कोर्टात नेले. एवढे होऊनही मला वाटत होते की आपला शब्द पक्का आहे, आपण मालकाला सोडवू. न्यायाधीशबाईंनी मला वाचले आणि चष्मा काढला.

"वकीलसाहेब, फार पूर्वी असं होतं खरं. माल समोर पसरलेला असायचा, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यायचा, फसला तर त्याचं नशीब. मग बांधलेल्या गाठोड्यांतून माल यायला लागला. आतलं कोण बघणार? म्हणून कायदा बदलला. नमुना दाखवलात तर माल नमुन्यासारखाच द्यायचा. गिऱ्हाइकानं काम सांगितलं आणि तुमच्यावर विसंबून माल नेला, तर तो त्या कामाला टिकलाच पाहिजे. ही पाटी रंगवली त्याच्या कितीतरी आधीपासून हेच चालत आलंय. खराब मालापुढे हिला काडीची किंमत नाही."

मित्रांनो, मला धक्का बसला. मी रंगवली गेले त्या दिवसापासून पोकळ होते! त्या बाई माझ्यामुळे उंबऱ्यावरून परतल्या होत्या. न्यायाधीशबाईंनी साक्षीला आलेल्या रंगाऱ्याला विचारले, "उरलेली दोरी खराब आहे, हे तुम्ही चार लोकांना का नाही सांगितलं?" तो मान खाली घालून म्हणाला, "एवढं ठळक लिहिलंय म्हणजे सरकारी नियमच असणार. वाटलं, आपलंच चुकलं."

तरी वकील हटला नाही. त्याने बेडूकमामाला विचारले, "तुम्ही पाटी वाचली होती की नाही?"

"वाचली होती ना," बेडूकमामा म्हणाला. "तीच वाचून तर निर्धास्त झालो. मनात आलं, माल परत घेणार नाही असं छातीठोक लिहितोय, म्हणजे तसाच खात्रीचा देत असणार. नाहीतर उतरायच्या आधी ओढून बघतोच मी."

मालकाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. निकाल त्याच्याविरुद्ध गेला, आणि तो योग्यच होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी दुकानात बसेल, तर सांगितलेल्या कामाला पुरेल तेच विका. घेतलेला माल खराब निघाला तर माझ्यासारख्या पाटीला वाचून मागे फिरू नका. माल दुकानदाराला दाखवा, जाब विचारा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानावर घाला. मी वाईट हेतूने टांगलेली नव्हते, पण माझ्यापुढे माणसे गप्प झाली आणि एक माणूस विहिरीत पडला.

त्या दिवशी सगळे निघाले तेव्हा बेडूकमामा कुबड्या टेकत माझ्यापाशी थांबला. मला वाटले, आता थुंकेल. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या रंगाऱ्याला म्हणाला, "काही म्हण, लिहिलंय मात्र सुंदर."