डाव्या तोंडाची कणीक

मित्रांनो, भोकर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेला जुना मृदंग तो मी. जुना आहे, पण नमलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लातूरच्या बसलिंगप्पांनी मला घडवलं. लाकडाचं खोड आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर चामडं ताणलं, वाद्या आवळल्या. उजव्या तोंडावर काळी शाई पक्की बसवली. डावं तोंड मात्र मुद्दाम कोरं ठेवलं. तिथं प्रत्येक कीर्तनाआधी ओली कणीक थापायची आणि नंतर खरवडून काढायची. ही सोय घडवणाऱ्यानंच ठेवलेली आहे. कणीक नसेल तर माझं डावं तोंड म्हणजे रिकामा डबा!

ही कणीक किशनराव थापतात. ते गावचे माजी सरपंच. स्वभाव तापट, पण कीर्तनाचे वेडे. मधली काही वर्षं गावानं कॅसेटवरच भागवलं, तेव्हा मी कोपऱ्यात धूळ खात पडलो होतो. किशनरावांनीच मला उचललं, नव्या वाद्या घातल्या. "असा आवाज नांदेडातबी न्हाई," असं ते अजून येईल त्याला सांगतात. माझा त्यांच्यावर फार जीव. आणि भांडलो तो त्यांच्याशीच.

त्याचं असं झालं. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं आणि बौद्ध वस्तीतली लुंबिनी निवडून आली. तिच्या पहिल्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. कीर्तनकार तारामतीताई टाळ घेऊन उभ्या होत्या. लुंबिनी पायरीशी आली. "उद्या ग्रामसभा हाय. समद्यांनी या."

किशनराव कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, "सभा तुझा धम्मदीप चालवंल. तू घरूनच सही कर."

"निवडून मी आलेय काका, माझा नवरा न्हाई."

"राखीव जागेवर आलीस! मूळ घटनेत होतं का हे? त्र्याहत्तराव्या दुरुस्तीत घातलं. मागून चिकटवलेलं ते काय खरं?" असं म्हणत त्यांनी माझ्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापला.

लुंबिनीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. "मग हे काय चिकटवून राहिलात, काका?"

कीर्तनाला जमलेल्या बायांमध्ये हशा पिकला. किशनराव भडकले. "ही घे, काढली!" त्यांनी सगळी कणीक खरवडली आणि थाप मारली. टण्ण! मित्रांनो, मीही हट्टाला पेटलो. दुसरी थाप. टण्ण! घुमायचं नाव काढलं नाही.

"किशनराव, देव पळून जाईल की अशानं!" तारामतीताई म्हणाल्या.

"हसा! उद्या दुरुस्ती म्हणून कुणी अख्खी घटनाच मोडंल, तवा काय करशील गं?"

"तसं चालत न्हाई, काका. संसदेत मोठं बहुमत लागतंय. आन् तेवढं बहुमत असलं तरी घटनेचा पाया मोडता येत न्हाई, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. कणीक बदला. पर खोडावर कुऱ्हाड कुणी घातली, तर मी आडवी येईन. अन् उद्या खुर्चीतबी मीच बसणार!"

तारामतीताईंनी हळूच टाळ वाजवला. "माउली, लावा ती कणीक. नाम घ्यायचं खोळंबलंय."

किशनरावांनी खरवडलेला गोळा उचलला. मग पाण्याचा हात लावून त्यांनी तीच कणीक पुन्हा थापली. मी असा घुमलो की खांब थरारले!

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा देवळासमोरच्या पारावर भरली. मला खुंटीवरून सगळं दिसत होतं. धम्मदीप माणसांत जाऊन बसला. लुंबिनी खुर्चीत बसली. पहिला उठला तो किशनरावांचाच हात. "सरपंचबाई, माझ्या गल्लीतली नाली कधी व्हणार?" आवाजात रागच होता. पण विचारलं तिलाच.

मित्रांनो, घटनेत झालेली दुरुस्ती कागदावर आपोआप घुमत नाही. तिच्यावर थाप पडावी लागते. तुमच्या गावच्या ग्रामसभेला जा. खुर्चीत सरपंचबाईंऐवजी त्यांचा नवरा बसलेला दिसला, तर मोठ्यांच्या मागे लपू नका. सरळ उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "सरपंच कुठं आहेत?"