अधिक महिन्यातली बकरीद

तोंडवलीच्या खाडीत हसन तारी ग्रामपंचायतीची होडी चालवायचा, आणि होडीची मालकीण असल्यासारखी हौसाबाई तिच्यात बसायची. वीस वर्षं मासळीची टोपली घेऊन ती रोज पलीकडे जात होती. हसनच्या घरात कुणी शिंकलं तरी तिला कळायचं.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात हसनचा थोरला भाऊ जहाजावरून सात वर्षांनी घरी आला. दोघांनी बकरीदची नमाज शेजारी उभं राहून पढायची आणि मग आईच्या कबरीवर जायचं, एवढंच त्यांच्या मनात. चांद दिसला तसा हसन ग्रामपंचायतीत गेला आणि दहाव्या दिवसाची सुट्टी मागितली.

चिटणीस परशुरामभाऊंनी पंचांग उघडलं. "हा अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात सण नसतात. तुमची ईद निज ज्येष्ठात, पुढच्या महिन्यात. सुट्ट्यांच्या फळ्यावर मी तसंच लिहिलंय."

"भाऊ, आमच्यात अधिक महिनोच नाय. चांद दिसलो काय आमचो महिनो सुरू. म्हणान आमची ईद दरवर्सा धा-अकरा दिवस अलीकडे येता."

"पंचांगापेक्षा तू शहाणा? त्या दिवशी होडी घटकाभर जरी बंद दिसली, तरी मी दुसरा तारी ठेवीन!"

हसन मान खाली घालून परत आला. हौसाबाईला हे कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्र आभाळात सगळ्या गावाला दिसला, आणि हा शहाणा म्हणतो दिसलाच नाही! वर त्याच दिवशी भाऊंचा जावई मालवणहून अधिक महिन्याचं वाण घ्यायला येणार होता. घरात तेहतीस अनारसे तळून तयार होते. ईदेला महिना वाईट आणि जावयाला बरा, हा कुठला न्याय?

ईदेच्या सकाळी हसन जुन्याच सदऱ्यात होडीवर उभा होता. हौसाबाई टोपली न घेताच आली.

"उतर खाली."

"हौसाबाय, माझा काम जायत गो."

"होडी बंद ऱ्हवली तर जायत मां? ती चालू ऱ्हवतली. तू तुझ्या भावाकडे जा."

तिने त्याच्या हातातलं वल्हं हिसकावलं. मासेमार गाबिताची लेक ती, चालायच्या आधी वल्हवायला शिकलेली. हसनचे डोळे भरून आले. तो घराकडे पळत सुटला.

उन्हं चढेपर्यंत तिने सगळा गाव इकडचा तिकडे केला. मग परशुरामभाऊ धक्क्यावर आले. पलीकडे त्यांचा जावई छत्री उघडून उभा होता.

"हसन कुठे गेला?"

"नमाजाक."

"होडी बंद ठेवायची नाही म्हणून बजावलं होतं मी!"

"बंद खंय आसा? इचारा कोणाकय. सकाळपासून एक माणूस थांबलो नाय."

भाऊंनी घाम पुसला. "बरं, बरं. जावईबापूंना घेऊन ये आधी. उन्हात उभे आहेत."

हौसाबाईने वल्हं होडीत आडवं ठेवलं.

"भाऊ, अधिक महिनो आसा. तुमच्या जावयाक पुढच्या महिन्यात घेवन येतंय."

आणि ती पाय पसरून बसली.