उशीखालचा ठिपका

कोपरखैरण्याच्या घरात लोकेशनचं ॲप सुगतनेच आणलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं.

घरातल्या प्रत्येकाचा नकाशावर एक ठिपका. ‘कुठंयस, निघालास का’ हे फोन बंद. सुगतला अशी व्यवस्था आवडायची. त्याच्या फोनमध्ये फोल्डर होते, त्या फोल्डरांत फोल्डर होते. त्याच्या आईने, वेणूबाईने, मात्र ॲप उघडलं आणि त्या दिवसापासून टीव्हीवरच्या मालिका सोडल्या.

"तुझा ठिपका आज वडापावच्या गाडीवर बारा मिनिटं उभा होता," ती संध्याकाळी म्हणायची. "बारा मिनिटांत काय एकच खाल्लास?"

पप्पा आठवडाभरात शहाणे झाले. तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. फोन घरी चार्जिंगला लावून ते पत्ते कुटायला जायला लागले.

"ठिपका घरात हाय," आई फ्रिजमागे डोकावत म्हणायची, "मग मानूस कुठं गेला?"

सुगतने यावरून धडा घेतला, आणि तिथेच त्याचं चुकलं.

त्याला नेरूळला भाड्याने घर बघायचं होतं. नेरूळ म्हणजे काही अमेरिका नव्हे, पण आईला सांगणं तीन महिने जमलं नव्हतं. तो घरून काम करायचा, आणि आई त्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये डोकावून बंगळुरूच्या बॉसला "जेवलात का?" विचारायची. बॉसला मराठी येत नव्हतं, तरी तो आता मीटिंगच्या सुरुवातीला आईची वाट बघायचा. यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एकटं राहायचंय म्हटलं की आई ‘आमचं काय चुकलं?’ विचारणार, आणि याचं उत्तर कुठल्याही फोल्डरमध्ये नव्हतं.

रविवारी त्याने फोन उशीखाली सारला, "जरा खाली जाऊन येतो" म्हणाला आणि खिशातल्या एकुलत्या नोटेवर नेरूळ स्टेशन गाठलं.

तिथे रिक्षा स्टँडजवळ उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. एजंट रणजीतचा नंबर फोनमध्ये. बिल्डिंगचं नाव फोनमध्ये. परतीच्या तिकिटाचे पैसेसुद्धा फोनमध्ये. पाठ असलेला एकच नंबर होता, शाळेतल्या राजलक्ष्मीच्या घरचा, आणि तिला आता दोन मुलं होती.

पाऊण तासाने समोर एक स्कूटर थांबली. चालवणाऱ्या इसमाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. मागच्या सीटवर आई होती.

"उशी वाजत होती," आई उतरत म्हणाली. "उचलली. हे रणजीत. घणसोलीवरनं तुला भेटायला स्टेशनला येत होते, म्हटलं वाटेत मला घ्या. सकाळपासनं चहासुद्धा नव्हता बिचाऱ्यांच्या पोटात."

"आता झाला," रणजीत म्हणाला. "पोहे पण झाले."

"आई, मी सांगणार होतो."

"कधी? गादी नेल्यावर?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच की. आधी सांगितलं असतंस तर दोन दिवस रडून मोकळी झाले असते. आता टाइम कुठं ठेवलास? बारा वाजता घरमालक गावाला निघतोय." असं म्हणून तिने पदराने डोळे पुसलेच, पण चालता चालता. मग म्हणाली, "आमचं काय चुकलं का रे?"

"चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," सुगत म्हणाला. "तसं काही सापडेचना. म्हणून तर तीन महिने लागले."

आईने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. ती आधीपासूनच नीट होती.

तिसऱ्या मजल्यावर तिने सगळे नळ सोडून बघितले, फ्लश दोनदा ओढला आणि ओट्याची उंची हाताच्या वितीने मोजली.

"बुटका हाय. वाकून वाकून कंबर जाईल तुजी."

"मी कुठं स्वयंपाक करणार आहे?"

"मग एकटा राहणार म्हंजे काय, उपाशी राहणार?" ती रणजीतकडे वळली. "मोरीतला नळ तेवढा बदलून द्या. बाकी घेतलं."

सुगतने अजून बेडरूम बघितलेली नव्हती.