बिनसुरीबाबाच्या बोटांवरचं रक्त

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल माणसांनी गच्च भरला होता. मागची मंडळी खुर्च्यांवर चढून माना उंच करत होती. समोरच्या टेबलावर एक माणूस पोट उघडं टाकून पडला होता. बिनसुरीबाबाने त्याच्या पोटावर बोटं दाबली आणि ती आत गेली. निदान आत गेल्यासारखी दिसली. रक्त वाहिलं. काहीतरी लालसर, बुळबुळीत बाहेर येऊन वाडग्यात पडलं. ओल्या कापसाने पोट पुसलं, तर साधा ओरखडाही नाही.

"सर्जन कापतो, टाके घालतो आणि वर उपकार केल्यासारखं बोलतो," बाबा माइकमधून म्हणाला. "आम्हाला सुरी लागत नाही. रोग भित्रा असतो, लेकरांनो. प्रेमाने हाक मारली की आपणहून बाहेर येतो."

पुढचा नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा होता.

तिच्या स्वादुपिंडात, म्हणजे जठरामागे दडलेल्या त्या लांबट ग्रंथीत, पाण्याने भरलेली एक पिशवी सापडली होती. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं की अशा पिशव्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण काही पुढे कर्करोगाकडे झुकतात. नुसत्या फोटोवरून ते दर वेळी ओळखता येत नाही. म्हणून तोंडातून नळी घालून बारीक सुईने आतलं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या.

"म्हणजे मला कॅन्सर झालाय?" बहिणीने विचारलं होतं.

"कदाचित नसेलही. बघितल्याशिवाय मी कसं सांगू?"

त्या 'कदाचित'ने तिची झोप उडवली. बाबाच्या फलकावर मात्र ठळक अक्षरात 'खात्रीने' लिहिलेलं होतं. घाबरलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

"दादा, वाद घालायचा असेल तर येऊच नकोस," तिने आधीच बजावलं होतं.

मी वाद घातला नाही. पण मी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं आहे. अजूनही सुटीच्या दिवशी गल्लीतली पोरं माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला येतात. जाताना चष्म्याच्या डबीत काचेची एक पट्टी घेऊन गेलो होतो.

बहिणीच्या पोटातूनही एक लिबलिबीत गोळा निघाला. बाबाच्या चेल्याने तो लगेच उचलला. "बघत बसू नका, जाळावा लागतो. नाहीतर परत चिकटतो." कापूसही बादलीत गेला. पण तिच्या कमरेपाशी रक्ताचा एक ओला ओघळ राहिला होता. तिला उठवताना मी काचेची पट्टी त्याला टेकवली.

जिन्यात ती हसत होती. कित्येक दिवसांनी हसत होती. "आता ती सुई रद्द. उद्याच फोन करून सांगते." ते हसू बघून मला जो संताप आला, तो आजही उतरलेला नाही. चोर दागिने नेतो. या माणसाने तिच्या हातचा वेळ नेला होता.

दुसऱ्या दिवशी पेशी नीट दिसाव्यात म्हणून मी त्या पट्टीवरच्या रक्ताला रंग दिला. शेजारच्या पट्टीवर माझ्या बोटाचा एक थेंब पसरला. कुठलं रक्त कुणाचं, हे पोरांना सांगितलं नाही. सुताराची मुलगी, जिला आम्ही 'का-बाई' म्हणतो, बराच वेळ डोळा लावून बसली.

"सर, ही दोन्ही माणसांची आहेत का?"

"का गं?"

"एकात गोल चकत्या आहेत, मध्ये काहीच नाही. दुसऱ्यात लांबट आहेत आणि प्रत्येकीच्या मध्ये जांभळा ठिपका आहे."

तो ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक. माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसतं. पक्ष्यांच्या पेशीत असतं. पोटातून निघालेलं ते रक्त बहुधा कोंबडीचं होतं. माणसाचं तर नक्कीच नव्हतं.

बहिणीला बोलावून घेतलं. तिने दोन्ही पट्ट्या बघितल्या, पुन्हा बघितल्या. "आजारामुळे माझंच रक्त असं झालं असेल," ती म्हणाली.

मग मी जेवणाच्या टेबलावर आडवा झालो. कापसाच्या बोळ्यात लाल शाईची पातळ पिशवी आणि स्पंजचा तुकडा दडवला होता. माझं पोट सुटलेलं आहे, तेवढं एक कामाला आलं. बोटं पेरांतून दुमडून पोटाच्या घडीत दाबली, बोळा पिळला, स्पंज ओढला. तिच्याबरोबर आलेले मेहुणे दचकून मागे सरले.

बहीण मात्र जवळ आली. "मग ती पिशवी, दादा?"

"जिथे होती तिथेच आहे."

"आणि काल तू मला हसू दिलंस."

"काल हातात पुरावा नव्हता. नुसतं माझं म्हणणं तू ऐकलं असतंस?"

पुढच्या सभेला तीच आधी चप्पल घालून उभी राहिली.

हॉलमध्ये तिने सगळ्यांसमोर पेशींची गोष्ट सांगितली. बाबा मंद हसला. "श्रद्धा नसलेल्या डोळ्याला पेशीही खोट्याच दिसतात, ताई."

"बरं. मग माझ्या दादाचं पोट घ्या. कापूस तेवढा आमचा वापरा."

"आज शक्ती क्षीण आहे."

"कापूस बदलला की शक्ती जाते होय?" मागून कोणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने चेल्याच्या हातातला बोळा हिसकावून पिळला. आतली पिशवी फुटली आणि लाल धार त्याच्या मनगटावरून खाली आली. त्याच्या मुलाने बाबाच्या शब्दावर औषधं सोडली होती. तो मुलगा दगावला होता.

बाबा मागच्या दाराने निसटला. पोलिसांत तक्रार आम्ही दिली आहे आणि ती मागे घेणार नाही.

बहिणीने सुईची ती तपासणी करून घेतली. पाण्यातल्या काही पेशी बदलू लागल्या होत्या: केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, एकमेकींवर दाटलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून कर्करोग नाही, पण वाट तिकडचीच आहे. दर वेळी पेशींवरून इतकं स्पष्ट कळतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. खऱ्या सुरीने ऑपरेशन झालं. पोटावर लांब व्रण आहे. ती जिवंत आहे.

म्हणून सांगतो. डॉक्टर 'कदाचित' म्हणाले तर चिडू नका. त्यांना अजून बघायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि कुणी तुमच्या पोटातून रोग काढून दाखवला, तर तो जाळू देऊ नका. बाटलीत घाला, प्रयोगशाळेत न्या. देत नसेल, तर टेबलावरून उठा आणि तुमच्या मागच्यालाही उठवा.