वेबकॅमची मान

मी एक जुना वेबकॅम आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. रागावलेला वेबकॅम ओळखता येत नाही, कारण न रागावलेलाही तसाच दिसतो. म्हणून सांगून टाकतो.

कारखान्यात माझं भिंग फिरवून एका जागी आणलं आणि त्यावर गोंदाचा थेंब टाकला. हातभर लांबचं स्वच्छ दिसेल, नाकासमोरचं दिसणार नाही, हे कायमचं पक्कं झालं. माझी तक्रार नव्हती. मला नाकच नाही.

पुढे मी एका घरातल्या बाबांच्या कॉम्प्युटरवर बसलो. ऑफिसच्या मीटिंगला बाबा वर कोट घालत आणि खाली चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. मी फक्त कोट दाखवला. घराण्याची अब्रू राखली. साहेब म्हणाले, "चित्र छान येतं हो तुमचं!" बाबांनी सगळं श्रेय स्वतःच घेऊन टाकलं. मग कपाळातच कॅमेरा असलेला लॅपटॉप आला आणि मी खणात गेलो, संपलेल्या सेलांशेजारी.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या, पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करते. एके दिवशी तिने डोळ्याला लावायचं भिंग काढून टेबलावर आपटलं.

"एका स्प्रिंगच्या दोन दिसतात मला! कुठली धरू? नर्सबाईंनी दुरुस्तीला दिलेलं हे घड्याळ शेवटचं. हे जमलं नाही तर हत्यारं विकून मोकळी होते."

"थांब गं आत्या," बाबांची मुलगी, म्हणजे तिची भाची, म्हणाली. "आपल्या जुन्या वेबकॅमला जवळचं बघायला शिकवते. तू स्क्रीनवर बघून काम कर."

शिकवते म्हणे! पक्कड आणली आणि माझी मान पिरगाळली. गोंद कडकन तुटला. मित्रांनो, तुमच्या मानेला कुणी पक्कड लावली आहे का? नसेल तर मध्ये बोलू नका. तिने भिंग फिरवत फिरवत इतकं बाहेर काढलं की अजून थोडं फिरवलं असतं तर डोळाच हातात आला असता. मग मला टेबललॅम्पच्या दांड्याला बांधून खाली तोंड करून टांगलं.

आणि मला ती स्प्रिंग दिसली. केसाहून बारीक. स्क्रीनवर ती दोरखंडाएवढी झाली. आत्याने चिमटा उचलला. त्या क्षणी मी राग थोडा बाजूला ठेवला. थोडाच.

आत्या जेवायला उठली आणि बाबा आले. लॅपटॉपच्या कपाळातला कॅमेरा बंद पडला होता, मीटिंग तोंडावर होती. त्यांनी मला सोडवून नेलं. साहेबांना बाबांच्या जागी धुकं दिसलं. "सैल झालाय," म्हणत बाबांनी भिंग पुन्हा आत फिरवलं. मान दुसऱ्यांदा!

बाबांना एक सवय आहे. जे हलतं ते चिकटवायचं. साबणाची डबी, दाराची कडी, एकदा स्वतःची चप्पल, फरशीला. त्यांनी माझ्यावर घट्ट गोंद टाकला, फुंकर मारली आणि मीटिंग संपल्यावर मला परत दांड्याला बांधलं.

"बघ ताई, पक्का करून दिलाय!"

स्क्रीनवर घड्याळाच्या जागी राखाडी ढग होता.

"अरे, तुला कुणी सांगितलं होतं पक्का करायला? माझं घड्याळ उघडं पडलंय!"

"हलत होता गं तो."

"तूही हलतोस! तुला चिकटवू?"

भाची पक्कड आणायला धावली. तिसऱ्यांदा, मित्रांनो!

"ठेव ती," आत्या म्हणाली. "आता तुटेल तो."

तिने आपटलेलं भिंग टेबलाखालून शोधून काढलं, पदराने पुसलं आणि चिकटपट्टीने माझ्या तोंडासमोर लावलं. मला थोडं खाली ओढलं. ढग विरला. स्प्रिंग दिसली, एकच, पहिल्याहून स्वच्छ.

संध्याकाळी नर्सबाई घड्याळ कानाला लावून हसल्या. हत्यारं विकण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. मीटिंग असली की चिकटपट्टी निघते आणि मी कोट दाखवतो. सगळे खूश आहेत.

मी नाही. ते भिंग पहिल्यापासून त्याच टेबलाशी होतं. माझी मान पिरगाळण्याची गरजच नव्हती!

म्हणून मित्रांनो, हात नसले तरी हात जोडून सांगतो. कुणाला जवळचं दिसत नसेल, तर आधी त्याला चष्मा लावून बघा. पक्कड पळून जात नाही.